आपट्याच्या मांडवात तीन पंगती

आपल्या कट्ट्याचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. जो कोणी आठ दिवसांहून जास्त कराडबाहेर राहील, त्याने परत आल्यावर प्रवासाचा वृत्तान्त लिहायचा आणि बागेतल्या बाकावर सर्वांसमोर वाचायचा. मास्तरांनी काशीचा वृत्तान्त तीन दिवस वाचला होता आणि आपण तो निमूटपणे ऐकला होता, हे ध्यानात ठेवून माझाही ऐकून घ्यावा. मी काशीला गेलो नव्हतो. मी पनवेलजवळच्या रोडपालीला गेलो होतो, आणि तेही हौसेने नव्हे.

निघताना मी तुम्हाला सांगितलं की मुलाने आग्रहाने बोलावलंय. ते खोटं होतं. खरी गोष्ट अशी की उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी ओट्याखालचा पोह्यांचा डबा काढायला मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. बसलो उत्तम. उठता येईना. मी पडलो नव्हतो, हे कृपया सगळ्यांनी लक्षात घ्यावं. पडणं वेगळं आणि बसून राहणं वेगळं. तर भिंतीपलीकडचा, शेजारच्या तळेकरांचा रेडिओ ऐकत मी अडीच तास बसून राहिलो. डबा हाताशी होता म्हणून मधे थोडे कच्चे पोहेही खाल्ले. शेवटी भांडी घासायला बाई आल्या आणि त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं. मी त्यांना सांगितलं की ध्यान करत होतो. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं की अण्णा अडीच तास पोह्यांचा डबा घेऊन ध्यान करत होते.

मिलिंद दुसऱ्याच दिवशी फोनवर म्हणाला, "अण्णा, सामान भरा. आता इकडेच राहायचं. कराडचं घर भाड्याने देऊन टाकू."

मिलिंदची आई सुमन गेल्यावरची सहा वर्षं मी त्या घरात एकट्याने काढली आहेत आणि मला तिथेच राहायचं आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मी म्हणालो, "घर भाड्याने देतोस काय. मला काय धाड भरलीय?"

"मग उठून दाखवा."

"दाखवतो. तुझ्या हॉलमध्ये, तुझ्यासमोर, जमिनीवर बसून कोणाच्याही मदतीशिवाय उठून दाखवतो."

"ठीक आहे. पंधरा दिवस इकडे या. दुसऱ्या रविवारी बघू. उठलात तर कराडला परत, नाही तर इथेच."

'कोणाच्याही मदतीशिवाय' हे शब्द माझे होते. मिलिंदने ते मागितले नव्हते. पण जिभेला हाड नसतं आणि माझ्या जिभेला तर कधीच नव्हतं.

सकाळी सहाच्या लाल गाडीने निघालो. ज्या गाडीत एकतीस वर्षं कंडक्टर म्हणून उभं राहिलो, त्या गाडीत खिडकीशी बसून जायचं म्हणजे स्वतःच्या घरी पाहुणा होऊन जाण्यासारखं आहे. कंडक्टर एक तरतरीत मुलगी होती, हातात तिकिटाचं मशीन. साताऱ्याला गर्दी चढली आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "मागे सरका, मागे जागा आहे, दारात कोणी थांबू नका." आणि गंमत म्हणजे सगळे सरकले. ती मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसा शांत. गाडी माझी आहे." मी बसलो. पुण्याच्या पुढे घाटात मी तिला दोनदा सांगायला जाणार होतो की पुढच्या वळणावर लोकांना धरून बसायला सांग, पण तिने स्वतःच सांगितलं. पोरगी हुशार आहे.

घाट उतरला की हवा बदलते. आपल्याकडची कोरडी हवा वरच राहते आणि खाली अंगाला ओला टॉवेल गुंडाळल्यागत होतं. दुपारी कळंबोलीला उतरलो तेव्हा एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला लोखंडाची गोदामं, आणि मधे टोपलीत मासे घेऊन बसलेली एक बाई. तिने मला हाक मारली, "काका, जिताडा नेता का? ताजा हाय." (जिताडा म्हणजे खाडीतला मोठा मासा. पनवेलकरांपुढे त्याची निंदा करू नये, जेवायला मिळत नाही.) मी मासा घेतला नाही, पण ती बाई रस्त्यावर मांडी घालून बसली होती आणि साठीची होती, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की ही आता उठणार कशी. त्या पंधरा दिवसांत मी माणसांचे चेहरे कमी आणि गुडघे जास्त पाहिले.

मिलिंदचं घर रोडपालीत, सातव्या मजल्यावर. बिल्डिंगच्या मागे तलाव आहे, भोवती फिरायला वाट, संध्याकाळी म्हातारी माणसं आपापल्या बाकांवर. सूनबाईने, म्हणजे स्नेहाने, माझ्यासाठी घराची जी तयारी केली होती ती बघून मला वाटलं की या घरात लवकरच हत्ती येणार आहे. बाथरूममध्ये दोन्ही भिंतींना धरायचे दांडे, पायाखाली रबराची चटई, पलंगाला कठडा, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. आणि मिलिंदने गळ्यात घालायला लाल दोरीची शिट्टी आणली होती.

"हे काय?"

"कुठे अडकलात तर वाजवायची, अण्णा."

"एकतीस वर्षं मी घंटा मारून गाडी सोडली. आता शिट्टी मारून मला उठवणार का?"

"हो," तो म्हणाला. मिलिंद कमी बोलतो. आईवर गेलाय.

पहिले चार दिवस मी दार लावून सराव केला. गादी जमिनीवर टाकायची, मांडी घालून बसायचं आणि पूर्वी उठायचो तसं दोन्ही हात मांड्यांवर दाबून एका झटक्यात उठायचं. झटका बसायचा, उठणं व्हायचं नाही. एकदा गुडघ्यातून असा आवाज आला की स्नेहाने बाहेरून विचारलं, "अण्णा, पापड भाजू का तुमच्यासाठी?" तिला वाटलं मी पापड मोडतोय. दर वेळी शेवटी पलंगाचा कठडा धरून वर यायचो आणि स्वतःला सांगायचो की कठडा म्हणजे काही कोणाची मदत नव्हे. पण हॉलमध्ये कठडा नव्हता, हे मलाही दिसत होतं. खरं सांगतो, रात्री झोप लागेना. कराडच्या घरातल्या माझ्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलंय असं डोळ्यांपुढे यायचं.

पाचव्या दिवशी समोरच्या दारातले पाटीलशेठ आले. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आवाज तळमजल्यापर्यंत. हे इथले मूळचे आगरी. यांच्या शेतांवरच हे सगळे सेक्टर उभे आहेत. आत येताच त्यांनी आमच्या घरभर नजर फिरवून सांगितलं, "काका, तुमी जिथं झोपता ना, तिथं आमची वांगी होती. भारी वांगी यायची." मी म्हणालो, आता मीच येतो तिथे. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला जागच्या जागी आमंत्रण दिलं. आपट्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं आणि आदल्या दिवशी दुपारी मांडवाचं जेवण होतं. मिलिंद-स्नेहाला ऑफिस. मी एकटाच गेलो.

पाटीलशेठांच्या उंच गाडीतून गोव्याच्या रस्त्याने निघालो. वाटेत कर्नाळा लागतो. डोंगराच्या डोक्यावर किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे आणि खाली पक्ष्यांचं अभयारण्य. शेठ म्हणाले, पाच मिनिटं उतरू, तुम्हाला पक्षी दाखवतो. पक्षी एकही दिसला नाही. आवाज पुष्कळ आले, पण शेठ बोलत असल्यामुळे ते कोणाचे होते हे सांगता येत नाही. दिसलं ते एक माकड. ते कठड्यावरून आलं, माझ्या गळ्यातली शिट्टी त्याने लाल दोरीसकट हिसकली, तिचा वास घेतला, चावून पाहिली आणि दरीत फेकून दिली. शेठ हळहळले. मी त्या माकडाला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

आपटा हे पाताळगंगेच्या काठचं गाव. नदी रुंद, काठ हिरवेगार, पाणी सावकाश चाललेलं. लग्नघराच्या अंगणात बांबूचा मांडव, वरून गुलाबी कापड आणि त्याला झुंबरं टांगलेली. एका बाजूला टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या, दुसऱ्या बाजूला ताडपत्रीवर पट्ट्या टाकून पंगत.

शेठ म्हणाले, "काका, तुमी टेबलावर बसा आरामात. खाली घरची मानसं बसतान."

आणि इथे मी माती खाल्ली. "म्हणजे मी परका का?" मी म्हणालो, "टेबलावर जेवण म्हणजे काय जेवण? मी पंगतीतला माणूस." शेठना भरून आलं. त्यांनी मला हाताला धरून घरच्या माणसांच्या ओळीत, अगदी मधोमध नेऊन बसवलं. बसल्यावर दुसऱ्या क्षणाला मला कळलं की आपण काय केलं आहे. डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस, समोर पत्रावळ, आणि धरायला जगात काही नाही.

जेवण मात्र असं की वैऱ्यालाही मिळो. तांदळाच्या पिठाचे गरम वडे, मटणाचा लाल रस्सा, वालाचं बिरडं, भात. मी चार वडे खाल्ले आणि तृप्त झालो. पंगत उठली. आजूबाजूचे सगळे बांबूसारखे सरळ उभे राहिले. मी बसून राहिलो. एक वाढपी मला उठवायला आला आणि माझं तोंड पाहून थबकला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "दोन वडे आण अजून."

त्याचा चेहरा खुलला. चार वडे आणले.

दुसरी पंगत माझ्या भोवती बसली. आता तिच्यात नुसतं बसून चालेना, पत्रावळ नवी आली होती. मी पुन्हा जेवलो. तीन वडे, थोडा रस्सा, भाताशी हाताने खेळलो. शेठ लांबून पाहत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवत होते. "बगा, कराडचे पावने. दुसऱ्यांदा बसले. असा पायजे मानूस." एक जण माझा व्हिडिओ काढून गेला. दोघी बायका मुद्दाम बघायला आल्या. मी कंडक्टर होतो तेव्हा गाडीतही माझ्याकडे एवढं कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या पोटाचं म्हणाल तर त्यात आता उभं राहायलाही जागा नव्हती.

दुसरी पंगत उठली. मी नाही. मी अंग पुढे टाकून एक झटका देऊन पाहिला, तर फक्त ढेकर आला आणि वाढप्याने तो आवडल्याची खूण समजून पुन्हा वडे आणले.

तिसरी पंगत बायकांची. पट्ट्यांवर एकेक करून तीस-चाळीस बायका येऊन बसल्या आणि मधे मी. काहींनी पदर सारखा केला. काही हसू दाबत होत्या. बरोब्बर माझ्यासमोर एक आजी येऊन बसल्या. काळसर वर्ण, कपाळाला मोठं कुंकू, नऊवारी, पंचाहत्तरीच्या पुढच्या नक्की. सगळ्या त्यांना हिराआजी म्हणत होत्या. त्या धवलारीण होत्या. (धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले, म्हणजे परंपरेची गाणी, गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी जाणती बाई. तिच्या शब्दाबाहेर नवरा-नवरीचा बापही जात नाही.)

हिराआजींनी माझ्या पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"बाला," त्या हळूच म्हणाल्या, "कितवी पंगत ही?"

"तिसरी."

"भूक हाय का अजून?"

मी पत्रावळीतला वडा एका बाजूला सारला.

"उठाला नाय येत ना तुला?"

मला एकाहत्तराव्या वर्षी बाळा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रश्श्याच्या तिखटामुळे असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रस्सा गोड हाय. उगाच आमच्या रश्श्याला नावं ठेवू नको. जेवन होऊ दे माजं, मंग बगते."

त्या सावकाश, चवीने जेवल्या. बायका उठल्या तेव्हा त्यांनी पाच-सहा जणींना थांबवलं, पाठ करून गोल उभं राहायला लावलं आणि एक धवला गायला सांगितला. जोरात. का, ते सांगितलं नाही. मांडवातल्या लोकांना वाटलं काही विधी चाललाय. सगळे आदराने लांब झाले.

मग हिराआजी त्या गोलात माझ्यासमोर, नऊवारीत, ताडपत्रीवर आडव्या झाल्या. "मना बग नीट. तू सरल उठाला बगतोस. सरल कोन उठतो, पोरं उठतान. आपुन आधी कुशीला वलाचं. मंग पालथं. मंग हात नि गुडगं टेकून रांगाचं. मंग येक पाय फुडं, त्याच्यावर हात, आनि वर." एकेक करत त्या उभ्या राहिल्यासुद्धा, शेवटी एका सुनेचा हात धरून.

"रांगायचं?" मी म्हणालो. "लग्नघरात? मी काय तान्हं पोर आहे?"

"पोर रांगतं तवा सगले टाल्या वाजवतान," त्या म्हणाल्या. "म्हातारा रांगला त त्याला लाज. कोनी सांगितली रं तुला ही लाज?"

मी कुशीला वळलो. तीन पंगतींचं मटणही माझ्याबरोबर वळलं. पालथा झालो, तेव्हा ते निषेध करू लागलं. पण खरंच सांगतो, हात आणि गुडघे टेकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की जमीन आपल्या ताब्यात आहे. मी चार पावलं रांगलो. धवला वर चढला होता, म्हणून माझं कण्हणं कोणाला ऐकू गेलं नाही. एक पाय पुढे घेतला. त्यावर हात ठेवला. अर्धा वर आलो आणि अडकलो.

हिराआजींनी हात पुढे केला. "धर."

"नको, नको. जमेल मला," मी म्हणालो आणि रांगता रांगता हाताशी आलेला मांडवाचा बांबू दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं. मी वर आलो. बांबू खाली आला. त्याच्याबरोबर गुलाबी कापडाचा एक कोपरा आला आणि एक झुंबर वड्यांच्या परातीत पडलं. धवला थांबला. सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता, आणि मी बांबू हातात घेऊन, गुलाबी कापड पांघरून, उभा होतो. पण उभा होतो.

शेठ धावत आले. त्यांनी आधी मला विचारलं, लागलं का, मग परातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे काका, काच नाय, प्लास्टिक हाय. वडे धुऊन खाऊ."

हिराआजी मात्र रागावल्या होत्या. "खांबाला धरलं. मानसाला नाय धरलं," त्या म्हणाल्या. "हात मागाला काय जातं तुजं?"

"सवय नाही आजी."

"मना तरी कुटं होती? माजं दोनी गुडगं गेल्यात. लग्नात तीस वेला बसाचं, तीस वेला उठाचं. उठताना जो जवल हाय त्याचा हात धरतं मी. नवऱ्याचा, नवरीचा, भटाचा. लोकं बोलतान आजी आशीर्वाद देते." त्या खुदकन हसल्या. "देते बी मंग. हातात हात हायेच, त देऊन टाकते."

परतीच्या वाटेवर शेठ एकटेच बोलत होते. मी पोट धरून बसलो होतो आणि विचार करत होतो. एकतीस वर्षं मी गाडीच्या पायरीवर उभा राहून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना हात दिला. गाठोडी घेतली, काठ्या धरल्या, कमरेला हात लावून आत चढवलं. तो हात घेणाऱ्याच्या बाजूने कसा दिसतो, हे मला कधी कळलंच नव्हतं. त्यांनाही आधी लाज वाटत असेल. त्यांनी बहुतेक गिळली असेल, कारण गाडी सुटत होती.

घरी पोचलो तर मिलिंद दारातच. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होता. बिल्डिंगच्या ग्रुपवर 'कराडचे भीम, तीन पंगती' या नावाने फिरत होता. "तीन पंगती, अण्णा?" त्याने विचारलं.

"आग्रह फार झाला," मी म्हणालो. त्याने व्हिडिओ पुन्हा एकदा लावून पाहिला आणि पाण्यात ओवा घालून आणून दिला. दोन दिवस मी मऊ भातावर होतो.

उरलेला आठवडा मी हिराआजींच्या पद्धतीने सराव केला. कुशी, पालथा, रांग, पाय, वर. एकदा स्नेहाने दार उघडलं आणि मी पलंगाखालून रांगत बाहेर येत होतो. तिने विचारलं काय शोधताय, मी म्हणालो वांगी. अडचण एकच होती आणि ती जाईना. शेवटच्या टप्प्यावर, एक गुडघा खाली आणि एक पाय वर असताना, दहापैकी सहा वेळा मी अडकायचो. तिथे कठडा लागायचा.

रविवार आला. मिलिंदने हॉलमधलं टीपॉय भिंतीला सारलं. स्नेहा सोफ्यावर उशी मांडीत घेऊन बसली, पडलो तर खाली टाकायला. मी जमिनीवर बसलो. कराडचं घर, परसातला कढीपत्ता, तुम्ही सगळे बागेत, सगळं त्या फरशीवर पणाला लागलं होतं, आणि मला ते फार हवं होतं.

कुशीला वळलो. पालथा झालो. रांगलो. मिलिंदच्या भुवया वर गेल्या. मी एक पाय पुढे घेतला, त्यावर हात दाबला, अर्धा वर आलो.

अडकलो.

जोर लावला. मांडी थरथरायला लागली. पुन्हा लावला. कपाळावरून घाम फरशीवर पडला. मिलिंद समोर उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मदत करायची नाही असं मीच सांगितलं होतं ना. पोरगा शब्दाचा पक्का. मला दिसत होतं की मी आता हात मागितला तर कराड गेलं. आणि मला हेही दिसत होतं की नाही मागितला तर मी या गुडघ्यावर असाच राहणार आणि हा माझा मुलगा दोन पावलांवर असाच उभा राहणार.

"मिलिंद," मी म्हणालो, "हात दे रे."

त्याने इतक्या चटकन हात दिला की आम्ही दोघेही मागे सोफ्यावर, स्नेहाच्या उशीवर जाऊन आदळलो. स्नेहा हसायला लागली. मी नाही हसलो. मी म्हणालो, "हरलो बाबा. दे घर भाड्याने."

मिलिंद माझा हात सोडेना. "अण्णा, तुम्ही उठत नाही याची मला भीती नव्हती. तुम्ही हाक मारत नाही याची होती. त्या दिवशी तळेकरकाका भिंतीपलीकडे होते. एक हाक मारली असतीत तर दोन मिनिटांत आले असते. तुम्ही अडीच तास बसलात. त्या व्हिडिओतही बसूनच होतात. तोंड बघूनच कळलं मला. तीन पंगती जेवलात, पण कोणाला हात मागितला नाहीत. आज मागितलात. जा कराडला."

मी पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला मिठी मारून रडलो. स्नेहाने उशी दिली डोळे पुसायला.

मंगळवारी परतीची गाडी धरली. शेठ निरोपाला वडे घेऊन आले होते. ते मी शेजारच्या प्रवाशाला दिले, माझी अजून हिंमत नव्हती. गाडीत चढताना पायरी उंच वाटली, तर दारातल्या कंडक्टरपुढे हात केला. त्याने ओढून घेतलं. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही, गाडी वेळेवर सुटली.

घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे तळेकरांना घराची एक किल्ली दिली आणि सगळी हकिकत सांगितली. तळेकरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आपण सगळे जाणतो. दोन दिवसांत तुमच्यापैकी दोघं, वेगवेगळ्या वेळी, चहाच्या निमित्ताने माझ्याकडे आले. एक जण गेल्या थंडीत पहाटे मोरीपाशी पडला तो दूधवाला येईपर्यंत तिथेच होता, आणि त्याने सुनेला सांगितलं की लवकर आंघोळ केली. दुसरा चार महिने खुर्चीत झोपतोय, कारण पलंगावरून उठता येणार नाही अशी त्याला धास्ती आहे. दोघांनी मला शपथ घातली आहे. नावं सांगणार नाही, आणि आत्ता हे वाचताना मी मान वर करून कोणाकडे बघणारही नाही.

पण मला फार वाईट वाटलं, ते सांगून टाकतो. आपण नऊ जण रोज दोन तास खांद्याला खांदा लावून बसतो. राजकारण, पेन्शन, कोणाच्या सुनेने काय केलं, एकही विषय सोडत नाही. आणि हे एवढं एकमेकांना सांगितलं नाही. तेव्हा मंडळी, उद्या सकाळी सात वाजता आपापली चटई घेऊन बागेत या. लोक बघतील, बघू देत. आधी मी खाली बसतो. मला उठवायचं मात्र तुम्ही.